आरमाराचे बळ बंदरात



१७५६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात विजयदुर्गाच्या बंदरात एक आरमार जळून खाक झाले. तुळाजी आंग्रे यांची ही जहाजे खुल्या समुद्रावरील लढाईत बुडाली नव्हती. ती आपल्याच तळावर, एकमेकांना खेटून नांगरलेली होती. इंग्रजांच्या तोफगोळ्याने एका जहाजाने पेट घेतला आणि पाहता पाहता ती आग साऱ्या ताफ्यात पसरली. या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती, हा सल वेगळाच. आजच्या विषयापुरते ध्यानात घ्यायचे ते इतकेच की, आरमाराचे दैव पुष्कळदा त्याच्या बंदरातच ठरते.

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरातून करड्या रंगाच्या युद्धनौका दिसतात आणि हेच आपले नौदल, अशी सामान्य माणसाची समजूत होते. वस्तुतः पश्चिम नौदल विभागाचे ते एक अंग आहे. या विभागाचे मुख्यालय मुंबईत असून त्याची सूत्रे व्हाइस अॅडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतात. विनाशिका, फ्रिगेट आणि त्यांना भरसमुद्रात इंधन पुरविणारी जहाजे मिळून होतो तो 'पश्चिमी ताफा'. त्याचा सेनानी रिअर अॅडमिरल असतो आणि त्याचे कार्यक्षेत्र समुद्र. त्याच्या पाठीशी किनाऱ्यावर दुसरेच जग राबत असते. जहाजांची दुरुस्ती नौदल गोदीत होते. या गोदीची परंपरा १७३५ साली सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांपर्यंत मागे जाते. दारूगोळ्याचे कोठार खाडीपलीकडे उरणजवळच्या करंजा येथे आहे. १४ एप्रिल १९४४ चा मुंबई बंदरातील भीषण स्फोट ज्यांनी वाचला-ऐकला आहे, त्यांना हे अंतर का हवे ते सांगायला नको. कुलाब्याला 'अश्विनी' हे रुग्णालय आणि 'शिक्रा' हा हेलिकॉप्टरांचा तळ. आणि याच परिसरातील एका आस्थापनेचे नाव आहे 'आयएनएस आंग्रे'!

तळाचे मोल १९७१ च्या युद्धात कळून आले. ४ डिसेंबरच्या रात्री 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढविला. तो पराक्रम आपण दरवर्षी नौदल दिनी आठवतो. परंतु या नौका मुळात किनाऱ्याच्या संरक्षणासाठी बनलेल्या होत्या. त्यांचा पल्ला तोकडा, इंधन मोजके. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर सोय नसती, तर कराची त्यांच्या आवाक्यात आलीच नसती. शत्रूला हे नेमके उमगले होते. पाकिस्तानी विमानांनी सूड उगवताना ओखा बंदरातील इंधनाच्या सोयींवर बॉम्ब टाकले. आपल्या नौका तोवर तेथून हलविलेल्या होत्या, म्हणून बचावल्या. पुढे ९ डिसेंबरला दीवजवळ 'खुकरी' बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जणांना वीरमरण आले.

मुंबईचे बंदर मात्र दिवसेंदिवस अपुरे पडत गेले. व्यापारी जहाजे, तेलवाहू जहाजे, मच्छीमारांच्या होड्या आणि युद्धनौका या साऱ्यांची वाट एकच, आणि भोवती कोट्यवधींचे शहर. सारा ताफा अशा एकाच ठिकाणी ठेवणे शहाणपणाचे नव्हे, हे अॅडमिरल डॉसन यांनी ओळखले आणि ऐंशीच्या दशकात कारवारची योजना पुढे आली. २४ ऑक्टोबर १९८६ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. त्यानंतर पैशाची चणचण, दिरंगाई, फाईलींचा प्रवास! 'आयएनएस कदंब' कार्यान्वित व्हायला ३१ मे २००५ उजाडले. एकोणीस वर्षे! सिंधुदुर्गाच्या बांधणीला यापेक्षा किती कमी काळ लागला होता, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

नाव यथोचित आहे. कदंबांची राजधानी बनवासी याच जिल्ह्यातली. येथे दहा हजार टनांपर्यंतचे जहाज पाण्यातून सरळ वर उचलून रुळांवरून कोरड्या जागेत नेण्याची यंत्रणा आहे, त्यामुळे एका जहाजाची दुरुस्ती लांबली म्हणून दुसरे खोळंबत नाही. जानेवारी २०१४ मध्ये रशियातून आलेली 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका याच तळावर दाखल झाली. विस्तार पुरा झाल्यावर ३२ युद्धनौका व पाणबुड्या येथे राहू शकतील, अशी योजना आहे. समोर अंजदीव बेट. १४९८ मध्ये वास्को द गामा तेथे थांबला होता. आता ते बेट नौदलाच्या ताब्यात आहे.

पण या तळाची किंमत कोणी मोजली? कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरील तेरा गावांतील चार हजारांहून अधिक कुटुंबांना घरेदारे सोडावी लागली. शेतकरी आणि कोळी होते ते. देशासाठी जमीन द्यायला त्यांनी नकार दिला असता तर समजण्यासारखे होते. त्यांनी ती दिली आणि वाढीव मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. 'खुकरी'च्या वीरांची नावे दीवच्या स्मारकापाशी वाचायला मिळतात. या तेरा गावांची नावे कारवारबाहेर किती जणांना ठाऊक आहेत?