एका आसनाची शाळा

पुण्याच्या पूर्वेस हडपसर येथें १९५० सालीं ग्लायडिंगचें केंद्र स्थापन झालें, आणि इंजिनावांचून उडणारें विमान पुणेकरांच्या परिचयाचें झालें. पुढें १९६१ सालीं एस. रामामृतम् यांनीं आखलेलें ‘रोहिणी’ हें भारतीय बनावटीचें ग्लायडर प्रथम उडालें. त्यांत गुरु आणि शिष्य शेजारीं शेजारीं बसत. शिष्याचा हात चुकला तर गुरूचा हात तयारच असे. ही सोय आज स्वाभाविक वाटते. परंतु दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत असंख्य तरुणांनीं उड्डाणाचा पहिला धडा हवेंत अगदीं एकट्यानें गिरविला.

त्याचें कारण त्या काळच्या इतिहासांत आहे. १९१९ च्या व्हर्सायच्या तहानें जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्याची मनाई झाली, आणि कांहीं काळ विमानें बांधण्यावरहि बंदी आली. इंजिनावांचून उडण्यास मात्र आडकाठी नव्हती. म्हणून १९२० पासून ऱ्होन पर्वतांतील वासरकुप्पे या उंचवट्यावर तरुणांचे मेळे भरूं लागले. त्यांना शिकविण्याकरितां अलेक्झांडर लिप्पिश आणि फ्रिट्झ स्टामर यांनीं १९२६ सालीं एक नवा प्रयोग केला. त्या विमानाचें नांव ‘त्सोग्लिंग’. या जर्मन शब्दाचा अर्थच मुळीं ‘शिष्य’ असा आहे.

या शिष्याचें रूप अगदीं साधें होतें. सुमारें १० मीटर लांबीचा लांकडी पंख, त्याखालीं उघडा सांगाडा, जमिनीवर घसरण्यासाठीं एक लांकडी पट्टी आणि पंखाच्या पुढें एकच आसन. चाकें नाहींत, भोंवतीं भिंत नाहीं, वेग दाखविणारें यंत्रहि नाहीं. विद्यार्थ्याच्या हातीं एक दांडा आणि पायांखालीं सुकाणूचा आडवा दांडा, एवढीच सामग्री. वेग ओळखावयाचा तो तोंडावर लागणाऱ्या वाऱ्यावरून आणि ताणलेल्या तारांच्या आवाजावरून.

उड्डाणाची रीतहि तशीच. विमानाच्या नाकाशीं जाड रबरी दोर अडकवीत. त्याचीं दोन टोकें धरून सोबती उताराकडे प्रथम चालत व मग धांवत. शेपटी धरून बसलेल्यांनीं ती सोडली कीं, गोफणींतून दगड सुटावा तसें विमान सुटे. पहिल्या दिवशीं तें जमिनीवरूनच घसरवीत. मग हातभर उंच, मग पुरुषभर उंच, असा क्रम असे. ३० सेकंद सरळ उडून नीट उतरलें कीं ‘ए’ श्रेणीचें प्रशस्तिपत्र मिळे.

शिक्षक जमिनीवर उभा राही. सांगावयाचें तें त्यानें आधींच सांगितलेलें असे. एकदां शेपटी सुटली कीं त्याचा शब्द विद्यार्थ्यापर्यंत पोहोंचत नसे. भ्यालेला विद्यार्थी बहुधा दांडा अंगाकडे ओढी. विमानाचें नाक वर उठे, वेग सरे, पंखांवरची हवा विस्कटे आणि विमान एका अंगावर कोसळे. वेग सरला तर नाक खालीं करावें हें साधें सूत्र. पण जमीन समोर दिसत असतां तिच्याकडेच नाक वळविण्यास मनाचा निग्रह लागे. तो निग्रह दुसऱ्यानें उसना देतां येत नाहीं.

मग असें एकाकी शिक्षण पत्करलें कां? रबरी दोराच्या शक्तीला दोन माणसांचा भार पेलणें कठीण होतें, आणि संस्था गरीब होत्या. लांकडी सांगाडा मोडला तर कारखान्यांत पाठवावा लागत नसे. वेगहि बेताचा असल्यामुळें पुष्कळशा पडण्यांत लांकूड मोडे आणि माणूस वांचे. तथापि सर्वच वांचत असें नाहीं. शिवाय अर्ध्या मिनिटाच्या उड्डाणानंतर विमान पुन्हां ओढून वर न्यावें लागे. दिवसभर श्रमून हवेंतला अनुभव मिळे तो सेकंदांनीं मोजण्याइतका.

यंत्रानें तार गुंडाळून विमान वर खेंचणारी विंच आल्यावर दोघांचा भार सहज उचलला जाऊं लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन आसनांची पद्धत सर्वत्र रूढ होत गेली, आणि हडपसरच्या केंद्राचा जन्म याच काळांतला. चैत्र-वैशाखांत दख्खनचें पठार तापलें कीं, ऊन हवेचे स्तंभ वर चढतात. घार ज्या आधारावर पंख न हालवितां घिरट्या घेते, त्याच आधारावर ग्लायडर तरंगतें. त्या हवेचें मन ओळखावयास सेकंद पुरत नाहींत. तेथें अनुभवी सोबती हवाच.

तरीपण त्सोग्लिंगचा धडा संपला असें समजूं नये. दोन आसनांच्या विमानांतहि एक दिवस गुरु पट्टा सोडून खालीं उतरतो. शेजारचें आसन रिकामें राहतें. त्याच्या वजनाइतका भार कमी झाल्यानें विमान नेहमींपेक्षां लवकर वर चढतें, आणि शिष्याला पहिल्यांदा कळतें कीं आतां दांडा फक्त आपल्याच हातीं आहे. वासरकुप्पेच्या तरुणावर हा क्षण पहिल्याच दिवशीं ओढवे. पुढच्या पिढ्यांना तो पुरत्या तयारीनंतर भेटूं लागला. अंतर काय तें एवढेंच.