अण्णासाहेब लठ्ठे : वकिली, पक्ष आणि जमिनीवरचा कर



सांगलीकडं गेलात तर लठ्ठे हे नाव शिक्षण संस्थेच्या पाटीवर दिसतं. पण हा माणूस आपल्या बेळगावात वकिली करत होता आणि पुढं मुंबई इलाख्याचा अर्थमंत्री झाला, हे आपल्या पिढीत फार जणांना ठाऊक नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलू.

अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म 1878 चा, कुरुंदवाडचा. जैन समाजातले. एम.ए., एलएल.बी. होऊन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवायला लागले. तिथल्या जैन बोर्डिंगची व्यवस्थाही त्यांच्याकडं होती. 1908 साली अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर आंघोळ करून आत ये, असं त्याला सांगितलं. त्यानं नकार दिला. लठ्ठ्यांनी त्याला बोर्डिंगमधून काढून टाकलं. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर.

आता पुढचं ऐका. 1914 साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातल्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं. संशय लठ्ठ्यांवर ढकलला गेला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष दे म्हणून भाऊरावांवर दबाव आला. त्यांना कोठडीत टाकलं, मारलं, तरी ते खोटं बोलले नाहीत. ज्यानं आपल्याला बाहेर काढलं, त्याच्यासाठी या माणसानं हे सोसलं. लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावला आले आणि वकिली करू लागले.

बेळगावातून त्यांचं राजकारण वाढलं ते ब्राह्मणेतर पक्षात. त्या पक्षाची भांडणं नुसत्या मानपानाची होती असं समजू नका. गावचं दप्तर कुणाच्या हातात, सारा कोण ठरवतो, कर्जाचा कागद कोण लिहितो, असे त्यात जमिनीचे प्रश्न होते. शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले, ते यासाठीच. 1919 च्या सुधारणांत मुंबई कौन्सिलात मराठा व तत्सम जातींना 7 राखीव जागा मिळाल्या. डांबर प्रकरणामुळं ज्या संस्थानातून बाहेर पडावं लागलं, त्याच संस्थानाच्या शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र लठ्ठ्यांनी 1924 साली प्रसिद्ध केलं, आणि 1926 साली ते तिथंच दिवाण म्हणून परत गेले.

मग 1937. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं. महसूल खातं मोरारजी देसाईंकडं, गृह खातं कन्हैयालाल मुन्शींकडं आणि अर्थ खातं लठ्ठ्यांकडं. सरकारला दारूबंदी करायची होती, पण इलाख्याचं मोठं उत्पन्न अबकारीचं होतं. दारू बंद म्हणजे तिजोरीला भोक. ते बुजवायचं कुठून?

शेतकरी तर आधीपासूनच भरत होता. रयतवारीत प्रत्येक सर्व्हे नंबरावर आकार ठरलेला. पाऊस पडो न पडो, सारा चुकत नव्हता. शहरात मात्र जागा आणि चाळी बांधून भाडं खाणं हा मोठा धंदा झालेला. लठ्ठ्यांनी 1939 साली शहरी स्थावर मालमत्तेवर कर लावला. मुंबईत दर होता वार्षिक भाडेमूल्याच्या 10 टक्के.

मालक खवळले. मुंबईतले मोठे मालमत्ताधारक सर बैरामजी जीजीभॉय हायकोर्टात गेले. त्यांचा मुद्दा कच्चा नव्हता. भाड्यावरचा कर म्हणजे उत्पन्नावरचा कर, आणि 1935 च्या कायद्यानं तो अधिकार केंद्राचा. पण त्याच कायद्यात जमिनी आणि इमारतींवरचा कर प्रांताकडं दिला होता. हा कर हातात पडलेल्या भाड्यावर नव्हता. त्या इमारतीला वर्षाला किती भाडं येऊ शकेल, त्या आकड्यावर होता. हायकोर्टानं कर वैध ठरवला. सगळा खटला या एका फरकावर उभा होता. म्हणून म्हणतो, कायद्याची यादी ओळ न् ओळ वाचणारा माणूस आपल्या बाजूला असावा लागतो.

त्याच वर्षी त्याच सरकारनं शेतकरी कर्जनिवारणाचा आणि कुळांचा असे दोन कायदे केले. नोव्हेंबर 1939 मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर सरकारनं राजीनामा दिला. मंत्री गेले, कर मात्र पुढं चालू राहिला.

कुणी म्हणेल, हा माणूस सारखा जागा बदलत गेला. आधी ब्राह्मणेतर पक्ष, मग संस्थानची दिवाणगिरी, मग काँग्रेसचं मंत्रिपद. खरं आहे. बोर्डिंगमधली ती आंघोळही त्यांच्या खात्यावर राहणारच. पण नुसतं पक्षाचं नाव बघून हिशेब केला तर 1939 चा तो कर आपल्या नजरेतून सुटतो. ओझं शेतकऱ्याच्या डोक्यावर न वाढवता त्यांनी ते शहरातल्या भाडेवाल्या मालकाकडं सरकवलं, आणि कोर्टात टिकेल अशा शब्दांत सरकवलं.

तुमच्यातले काही जण लॉ करताहेत, काही ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पळताहेत. पुढाऱ्याचा झेंडा बघाच, पण त्याच्या हातात अर्थ खातं आलं तेव्हा पैसे कुणाकडून घेतले, तेही विचारत जा. आपल्या गावच्या पंचायतीचा जमाखर्च मागून इथूनच सुरुवात करता येईल.