टाकी अर्धी झाली की गाडी का रडते?

कानात इअरफोन असतील तर आवाज थोडा कमी करा, मधे मी इंजिनाचा आवाज ऐकवणार आहे. (वाचणाऱ्यांनी तो मनातल्या मनात ऐकावा.)

आजचा विषय जुनी डिझेल गाडी. जिला सेन्सर नाही, स्कॅनर लावायला पोर्ट नाही आणि एरर कोडही नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मूळचा बाळापूरचा. आमच्या काकांकडं जुनी जीप आहे, वीस वर्षांच्या वरची. कापूस वेचणीच्या दिवसांत तीच मजूर आणते, तीच सरकीच्या ढेपेची पोती आणते. दिवाळीला घरी गेलो तर काका वैतागलेले. मेडशीकडून वेचणीच्या बाया घेऊन येताना जीप पातूरच्या घाटात दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा तर अंधार पडला होता, मागं आठ जणी बसलेल्या. एका मिस्त्रीनं सांगितलं, मोठा पंप गेला, खोलावा लागेल, पंधरा हजार धरून चला. वेचणीच्या तोंडावर पंधरा हजार म्हणजे मजुरीचेच पैसे हो!

आता हा मोठा पंप काय ते आधी पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. तो फवारा मारायला प्रचंड दाब लागतो. जुन्या गाडीचं नोझल साधारण शंभर ते अडीचशे बारला उघडतं. जीपच्या टायरात दोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. हा दाब तयार करतो इंजेक्शन पंप. बॉशनं असे पंप १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि १९५१ मध्ये बंगळुरूत मायको कंपनी सुरू झाली. जुने मिस्त्री अजूनही 'मायको पंप' म्हणतात ते त्यामुळंच.

पण त्या पंपापर्यंत डिझेल पोचवायचा रस्ता लांब आहे. टाकीतली उचल नळी, तिथून चेसिसखालचा पाइप, मग फीड पंप (ज्याला हातानं दाबायचा प्रायमर असतो), मग फिल्टर, मग मोठा पंप, मग नोझल. उरलेलं डिझेल रिटर्नच्या नळीनं परत टाकीत. या सगळ्यात मोठा पंप सर्वांत महाग आणि माझ्या मते संशय घ्यायला सर्वांत शेवटचा. कोडमध्ये बग आला की कोणी आधी डेटाबेस बदलत नाही ना!

सगळ्यात आधी सायलेन्सर बघा. स्टार्टर मारतोय आणि धूरच येत नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय, म्हणजे पोचतंय पण जळत नाही. तो कॉम्प्रेशनचा, टायमिंगचा किंवा थंडीचा प्रश्न. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी, आधी एअर फिल्टर झटका. आमच्या जीपला घाटात धूर कमी होत होत गाडी मरायची. म्हणजे उपाशी राहत होती.

उपाशी राहायची कारणं मुख्यतः दोन. एक, रस्ता तुंबलाय. दोन, डिझेलसोबत हवा येतेय. तुंबलेल्या गाडीचं आयडलिंग बरं असतं, लोड आला की दम जातो. हवा घेणारी गाडी सकाळी उशिरा सुरू होते, आवाज खालीवर होतो. पण दोन्हींत गल्लत होते, म्हणून पुरावा पाहिजे.

फिल्टर खालून काचेच्या बाटलीत सोडा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. आमच्याकडं चमचाभर निघालं, आणि त्यात गंजाचे तांबूस कण. हे कण लक्षात ठेवा. टाकीचं झाकण उघडताना 'सूं' आवाज आला तर झाकणाचं छिद्र बुजलंय, आत निर्वात होतोय. तो आवाज आमच्याकडं नव्हता.

आता मुद्द्याची गोष्ट. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल *ओढलं* जातं, त्यापुढं ते *ढकललं* जातं. ढकलण्याच्या बाजूला भेग असेल तर डिझेल गळतं, सगळ्यांना दिसतं. ओढण्याच्या बाजूला भेग असेल तर गाडी चालताना थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. 'पाइप कोरडा आहे, म्हणजे चांगला आहे' हे अर्ध्याच रस्त्याला लागू होतं. मला विचाराल तर निम्मे पंप या एका वाक्यामुळं उगाच खोलले जातात.

मी फिल्टर आणि मोठ्या पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी बसवली. आयडलवर एखादा बुडबुडा. रेस वाढवली की मण्यांची माळ! हवा नक्की. मग बायनरी सर्च, म्हणजे रस्ता मधोमध कापायचा. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापासून काढला आणि तिथं स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नळी दिली. गाडी उभीच, कॅन सायलेन्सरपासून लांब पक्का बांधलेला. प्रायमर मारून हवा काढली, रेस दिली, एकही बुडबुडा नाही. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, सगळे निर्दोष. चोर मागच्या बाजूला.

चेसिसखालची रबरी नळी, क्लिपा, तांब्याचे वॉशर सगळं तपासलं. (वॉशर जुने पुन्हा वापरू नका, चार रुपयांसाठी हवा घेतात.) सगळं ठीक! तेव्हा काका चहा पिता पिता सहज बोलले, "बाबू, टाकी भरेल असली का गाडी मस्त चालते, अन् अर्धी झाली का रडते बाप्पा." मी म्हटलं, काका, हे पहिल्या दिवशी नाही का सांगायचं! तर म्हणे, "मिस्त्रीले सांगतलं होतं ना. थो हासला."

टाकीतली उचल नळी बाहेर काढली. बरोबर मधोमध गंजून टाचणीएवढं भोक. टाकी भरलेली असली की भोक डिझेलमध्ये बुडालेलं, त्यातूनही डिझेलच येणार. पातळी भोकाखाली गेली की हवा. घाटात डिझेल मागं सरकतं आणि नळी टाकीच्या पुढच्या अंगाला, म्हणून तिथं भोक लवकर उघडं पडायचं. आयडलवर थोडी हवा रिटर्ननं निघून जायची, चढावर डिझेलची ओढ वाढली की पुरायचं नाही. दर वेळी मिस्त्री प्रायमर मारून हवा काढायचा, गाडी चालायची, सगळे खूश. ते सर्व्हर रीस्टार्ट करण्यासारखं झालं.

नळी सुटी काढूनच पितळी झाळ मारून नवी जोडली, टाकी धुतली, फिल्टर बदलला. खर्च हजाराच्या आत. टाकीला मात्र वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नका. रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि ती फुटते.

हे घरी करणार असाल तर हवा काढायची रीत अशी: फिल्टरवरचा स्क्रू सैल, प्रायमर मारत राहा, फेस संपून सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, तसंच. नोझलच्या धारेसमोर बोट कधीच नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण लगेच दवाखान्यात जावं लागतं, नाहीतर बोट जाऊ शकतं. आणि तुमची गाडी कॉमन रेलवाली असेल तर नोझलच्या नटांना हातच लावू नका. तिथं दाब हजार बारच्या वर जातो.

काकांची जीप त्यानंतर घाट चढली, टाकीचा काटा पावच्या खाली असताना. पारदर्शक नळी मी काढून घेतली, ती इंजिनच्या उष्णतेनं मऊ पडते. तिथं पुन्हा डिझेलची रबरी नळी लावली.

तुमच्या गाडीचं असं काही असेल तर व्हॉइस नोट पाठवा. फक्त त्यात दोन गोष्टी सांगा: धुराचा रंग आणि गाडी बंद पडली तेव्हा टाकीचा काटा कुठं होता.