राखीव आसन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘आजचं सार्वजनिक जीवन’ हा विषय दिला. मी राजकारणाची अभ्यासक नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि मला एसटीचं वेड आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कुठल्याही गावी गेले की आधी स्थानकावरचा वेळापत्रकाचा फलक वाचते. राजकारण मला कळतं ते त्या फलकावरून. आज तेवढंच बोलणार आहे.

रायगड आपल्याच तालुक्यात. हिरकणीची गोष्ट आपण शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलो. आईच्या धाडसाची गोष्ट म्हणून ती सांगतात आणि ती तशी आहेच. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. कामासाठी गडावर आलेल्या बाईला उशीर झाला, दरवाजे ठरल्या वेळी बंद झाले आणि घरी परतायची दुसरी सोय नव्हती. म्हणून तिला कडा उतरावा लागला. एसटीने निमआराम गाडीला हिरकणीचं नाव दिलं, स्थानकांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष केले. चांगलंच केलं. पण हिरकणीची अडचण शेवटच्या गाडीची होती आणि ती अजून संपलेली नाही. महाड-पोलादपूरच्या आतल्या वाड्यांमधली मुलगी दहावीनंतर पुढे शिकणार की नाही, हे तिच्या मार्कांइतकंच संध्याकाळच्या गाडीवर ठरतं.

ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे. 17 मार्च 2023पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. 75 वर्षांपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. या योजना मला मनापासून आवडतात. पण पास हातात आहे आणि गाडीच आली नाही, तर? सवलत जाहीर करता येते, तिचे फलक लागतात. संध्याकाळची फेरी वर्षभर वेळेवर सुटली, याचा फलक कुणी लावत नाही. म्हणून सवलती वाढतात आणि फेऱ्यांबद्दल कुणी बोलत नाही.

एसटीत आसनांजवळ रंगवलेली अक्षरं आठवतात ना? महिलांसाठी राखीव, अपंगांसाठी राखीव आणि आमदारांसाठी राखीव. त्या आसनावर बसलेले आमदार तुमच्यापैकी कुणी पाहिलेत का? मी इतका प्रवास केला, मला तरी कधी दिसले नाहीत. पण त्या आसनामागची कल्पना मला फार मोलाची वाटते. ज्यांनी निवडून दिलं, त्यांच्याबरोबर एकाच गाडीतून जायचं. आमच्या कामातला अनुभव असा आहे की, जी प्रणाली बनवणारे स्वतः रोज वापरतात, तिच्यातले दोष लवकर निघतात. जी फक्त दुसऱ्यांसाठी असते, तिच्याबद्दलची तक्रार पडून राहते. पक्ष कोणताही असो, हे बदलत नाही.

आणि हे फक्त पुढाऱ्यांचं नाही. ऐपत आली की माणूस स्वतःची गाडी घेतो, त्यात गैर काही नाही. पण ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांचा फोन साहेब उचलतात, तेच थांब्यावरून आधी निघून जातात. मागे राहतात शाळेची मुलं, म्हातारी माणसं, बाजाराला टोपली घेऊन निघालेल्या बायका. गाडी त्यांचीच, पण त्यांचा शब्द कुठे चालत नाही.

2 ऑगस्ट 2016ची रात्र आपण कुणीच विसरणार नाही. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि त्यातली माणसं गेली. नवा पूल मात्र 2017च्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे मनावर घेतलं की यंत्रणा झपाट्याने काम करते. पण ते मनावर घ्यायला आधी माणसं का जावी लागतात, हा प्रश्न आपण विचारत राहायला हवा.

तो विचारण्याची शिकवण याच गावाची आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली झाला. महाड नगरपालिकेनेही 1924 साली तसा ठराव केला. तरी चवदार तळं कागदावरच खुलं राहिलं. 20 मार्च 1927ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तो लढा माणूस म्हणून जगण्याचा होता, त्याची बरोबरी बसच्या वेळापत्रकाशी होऊच शकत नाही. पण महाडच्या माणसाने त्यातून एवढं तरी शिकावं, की ठरावाने वस्तू सार्वजनिक होत नाही. माणसं हक्काने ती वापरतात, तेव्हाच ती सर्वांची होते.

म्हणून एक सुचवते. आपल्या शाळेत बाहेरगावांहून येणाऱ्या मुलांच्या गाड्या प्रत्यक्षात किती वाजता येतात, किती वाजता सुटतात आणि कुठल्या दिवशी येतच नाहीत, याची महिनाभर नोंद ठेवूया. शाळेचं पत्र आणि ग्रामपंचायतींचे ठराव जोडून ती आगार व्यवस्थापकांना देऊया आणि एक प्रत आमदारांनाही. नोंदी मांडण्याचं काम माझ्याकडे द्या. एखादी फेरी शाळा सुटल्यानंतर अर्ध्या तासाने सुटू लागली, तरी एखाद्या मुलीची बारावी पुरी होईल.

आणि पुढच्या मेळाव्याला जमेल त्यांनी एसटीने या. आमदारांसाठीचं आसन बहुधा रिकामंच मिळेल.