सिंधुदुर्गाचा फोर्ट ऑगस्टस

नृसिंहवाडीच्या घाटावर पंचगंगा कृष्णेला मिळते आणि दोघी अरबी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघतात. याच पंचगंगेच्या काठच्या कोल्हापूरला अठराव्या शतकात स्वतःचं आरमार होतं. त्याचं ठाणं मालवणजवळच्या समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला.

मालवणच्या उत्तरेला मुंबईचे इंग्रज, दक्षिणेला गोव्याचे पोर्तुगीज. आपल्या पाण्यात यायचं तर आपला परवाना घ्या, ही रीत इथे पोर्तुगीजांनी घातली. त्या परवान्याला ते कार्ताझ म्हणत. कोल्हापूरच्या गलबतांनी जहाजं अडवली, तेव्हा मात्र इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात शब्द पडला तो ‘चाचे’. व्यापाऱ्यांचा माल लुटला गेला हे खरं आहे, पण गोऱ्यांच्या वसुलीला एक नाव आणि आपल्या वसुलीला दुसरं, हा न्याय पटण्यासारखा नाही.

1765 मध्ये मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन मुंबईहून चालून आले. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग इंग्रजांच्या हाती पडला, त्याबरोबर रेडीचा यशवंतगडही. सिंधुदुर्गाचं नवं नाव ठेवलं गेलं ‘फोर्ट ऑगस्टस’.

ते नाव वर्षभरही धड टिकलं नाही.

कोल्हापूरचा कारभार तेव्हा राणी जिजाबाई पाहत होत्या. त्यांचे पती, कोल्हापूरचे संभाजी महाराज 1760 मध्ये वारले होते, जिजाबाईंनी दत्तक घेतलेले शिवाजी महाराज अजून लहान होते. इकडे किल्ला सांभाळण्याचा खर्च कंपनीला परवडेना. अखेर 1766 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक रुपये आणि व्यापाराला उपद्रव न देण्याची हमी घेऊन इंग्रजांनी सिंधुदुर्ग परत केला. रक्कम जबर होती, तरीही गेलेला जलदुर्ग कंपनीकडून सोडवून आणणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. जिजाबाईंचं हे काम शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

पुढे इंग्रजांशी झालेल्या 1812 च्या तहात मालवणचं बंदर आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरनं कायमचे गमावले.

आज मालवणच्या धक्क्यावरून होडी निघते आणि काळ्या खडकांमधून वाट काढत तटाशी येते. तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो लपवला आहे. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. चहूकडे खारा समुद्र, आणि पोहऱ्यात येतं ते गोडं पाणी.