पॅसेजमधलं ऊन
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



प्रदर्शनासाठी कमिटीने घरोघरचे जुने फोटो मागवले. पुष्कळ आले. बारशी, मुंजी, लग्नं, गणपती. पण आपल्या पॅसेजचा, गच्चीचा, गेटजवळच्या करंजाचा एकही नाही. दोष कुणाचाच नाही. तेव्हा रोल 36 फोटोंचा, धुण्याचा खर्च वेगळा. पॅसेजवर फोटो कोण वाया घालवणार? आम्ही बँकवाले तर नाहीच!

आता मोबाइल आहे आणि मला वेळही आहे. त्यामुळे फाल्गुन लागला की मी सकाळी कंपाउंडमध्ये फोटो काढत फिरतो. करंजाची पानं झडतात तेव्हा कचऱ्याच्या तक्रारी येतात. पण थोड्याच दिवसांत त्याला पोपटी पालवी फुटते. ती सूर्य समोर ठेवून टिपावी. उजेड पानातून आरपार येतो आणि शिरा न् शीर दिसते. फ्लॅश नको. स्क्रीनवर उजळ भागावर बोट ठेवा आणि ब्राइटनेस जरा कमी करा, बस्स.

दुसरी गंमत बी विंगच्या पॅसेजची. तो पूर्व-पश्चिम आहे. 21 मार्चच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. त्या चार-पाच दिवसांत कोवळं ऊन जाळीतून शिरून थेट शेवटच्या दारापर्यंत पोचतं. पुढे सूर्य उत्तरेकडे सरकतो आणि ऊन बाजूच्या भिंतीवरच अडतं. सप्टेंबरात हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांचा भरवसा नसतो.

तीन वर्षांपूर्वी हेच ऊन टिपत होतो. तेवढ्यात शेजारचे नाना दुधाची पिशवी घेऊन मधे आले. मी म्हटलं, "नाना, जरा बाजूला व्हा." ते हसून बाजूला झाले. मग मी मोकळ्या पॅसेजचा फोटो काढला. आधीचा पुसायचा राहून गेला.

पुढच्या वर्षी नाना गेले. वहिनींना भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरात होते ते सगळे लग्नातले, कोट घातलेले. मी भीत भीत हा दाखवला. लेंगा, बनियन, हातात पिशवी, पाठीमागून ऊन. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "रोज अस्सेच यायचे हो हे." तोच फोटो आज त्यांच्या हॉलमध्ये आहे.

म्हणून एक विनंती. येत्या मार्चमध्ये प्रत्येक घराने आपल्या मजल्याचा, खिडकीचा, झाडाचा एक तरी फोटो सकाळच्या उजेडात काढावा. प्रिंट करून मागे तारीख आणि नावं लिहावीत. बँकेतली सवय, एन्ट्री तारखेशिवाय नको! सोसायटीच्या ऑफिसात आपण त्यांचा अल्बम ठेवू.

आणि फोटोत कुणी मधे आलं, तर त्याला बाजूला व्हा म्हणू नका.