लिहिणाऱ्याच्या फडताळात कोणती पुस्तके असावीत?



आपल्याकडे लिहिणारे हात काही थोडेथोडके नाहीत. कुणी जिल्ह्याच्या वृत्तपत्रात सदर चालवतो, कुणी दिवाळी अंकांकडे कथा पाठवतो, कुणी आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहितो, तर कुणी सहकारी संस्थेच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहून देतो. यांतले पुष्कळजण शिक्षक असतात, काही शेती सांभाळून लिहिणारे असतात. कुणा एका संपादकाची नोकरी न धरता, स्वतःच्या जबाबदारीवर लिहायचे आणि त्यातून चार पैसे मिळवायचे, अशा माणसाला आपण मुक्त लेखक म्हणतो. आजचे चार शब्द त्याच्यासाठी आहेत.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे दरवर्षी कुणी ना कुणी येऊन विचारतोच, “सर, चांगले लिहिता यावे म्हणून कोणते पुस्तक वाचू?” या प्रश्नाला एका पुस्तकाचे नाव सांगून भागत नाही. सुताराची पेटी उघडून पाहा. तिच्यात करवत असते, रंधा असतो, पटाशी असते, वाकस असतो. एकाचे काम दुसरे करीत नाही. शिवाय शहाणा सुतार लाकूड किती लागले, मजुरी किती ठरली, हेही कुठेतरी टिपून ठेवतो. लिहिणाऱ्याचेही तसेच आहे. त्याला तीन प्रकारची पुस्तके लागतात : शब्दांची, माणसांची आणि व्यवहाराची. पहिल्या दोन प्रकारांविषयी आपण पुष्कळ बोलतो. तिसऱ्याविषयी बोलायला मात्र संकोचतो, आणि तिथेच आपले नुकसान होते.

आधी शब्दांची पुस्तके घेऊ.

पहिले, शुद्धलेखनाच्या नियमांचे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम ठरवले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली आणि शासनाने ते मान्य केले. म्हणजे सारे मिळून १८ नियम. एका बैठकीत वाचून होतात. अंगी मुरायला मात्र वर्ष लागते. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ बहुतेक शिक्षकांच्या घरी असतेच. ते परीक्षेपुरते न ठेवता लिहिण्याच्या मेजावर आणा. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ मिळाला तर फारच चांगले. शब्दाला विभक्ती लागली की त्याचे रूप कसे बदलते, हे त्यात चटकन सापडते. कुणी म्हणेल, “आशय महत्त्वाचा, ऱ्हस्वदीर्घाचे काय घेऊन बसलात?” पण संपादकाच्या हाती आपण स्वतः जात नाही, आपला कागद जातो. पहिल्याच पानावर दहा चुका दिसल्या की आशयापर्यंत पोचायला त्याला सवड राहत नाही.

दुसरे, शब्दकोश. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. तिच्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत. त्या काळी खेड्यापाड्यांत बोलले जाणारे, पुढे छापील मराठीतून गळून पडलेले कितीतरी शब्द तिथे जपून ठेवलेले आढळतात. त्यानंतर यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे प्रभृतींनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग निघाले, पुढे पुरवणीही निघाली. या कोशाची एक गोष्ट खेड्यातल्या लेखकाने ध्यानात ठेवावी. शब्द वऱ्हाडातला, कोकणातला की गोमंतकातला, याच्या खुणा त्यात दिलेल्या असतात. आपल्या गावची बोली म्हणजे अशुद्ध भाषा, अशी ज्याची समजूत असेल त्याने हा कोश अवश्य चाळावा. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द कोशात मानाने बसलेला त्याला दिसेल. दाते-कर्व्यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ म्हणी आणि वाक्प्रचारांसाठी आहे. हे मोठे कोश घरी घेणे सर्वांना परवडणारे नाही, आणि घेण्याची आता गरजही नाही. तालुक्याच्या वाचनालयात ते असतात. आणि मोल्सवर्थ व दाते-कर्वे हे दोन्ही कोश संगणकावर, मोबाइलवर फुकट पाहता येतात.

आता दुसरा प्रकार, माणसांची पुस्तके. म्हणजे माणसे, गाव, धंदे, चालीरीती यांची नीट माहिती देणारी आणि ती कशी लिहावी हे दाखवणारी.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गांव-गाडा’ हे पुस्तक १९१५ सालचे. गावाचा कारभार, वतने, बलुतेदार, कुणब्यावर पडणारा भार, सगळे त्यांनी जवळून पाहून लिहिले आहे. त्यांची सगळी मते आज पटतीलच असे नाही; काही तर मुळीच पटणार नाहीत. पण वस्तूला तिच्या नावाने हाक मारायला हे पुस्तक शिकवते. विहिरीवरच्या मोटेचेच उदाहरण घ्या. मोट गेली आणि तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, थारोळे, धाव हे शब्दही चालले. जुन्या काळची गोष्ट लिहिणारा लेखक नुसते ‘दोरीने पाणी काढले’ असे लिहील, तर म्हातारा वाचक ओळखेल की या गृहस्थाने मोट पाहिलेली नाही. एक नेमका शब्द दहा वाक्यांची वर्णने वाचवतो आणि वाचकाचा विश्वास मिळवून देतो.

सर्वसाधारण माहितीसाठी ‘मराठी विश्वकोश’ आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईला हे काम सुरू झाले, आणि त्याचे खंडही आता मोबाइलवर विनामूल्य वाचायला मिळतात. सण, व्रते, तीर्थक्षेत्रे यांवर लिहायचे असेल तर पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ पाहावा. लेखात सनावळी घालताना ती कोशात पडताळून पाहण्याची सवय लावून घ्या. ऐकीव माहितीवर लिहिलेला लेख एकदा छापून येईल. दुसऱ्यांदा संपादक आपल्याला बोलावणार नाही.

आणि लिहावे कसे? ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ हे कथा-कादंबरीच्या तंत्रावरचे गाजलेले पुस्तक आहे. त्यावर वादही पुष्कळ झाले. तंत्राने लेखक होत नाही, हे खरेच. पण गोष्ट कुठे सुरू करावी, कुठे थांबवावी याचा विचार तरी ते करायला लावते. ग्रामीण भागातल्या लेखकाने त्याच्या जोडीला आनंद यादव यांचे ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या’ वाचावे. मला स्वतःला मात्र लेखकांची आत्मकथने अधिक उपयोगी वाटतात. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. एका लहान गावात, शाळेची जबाबदारी खांद्यावर असताना त्यांचे लेखन फुलले. पुढे १९७४ साली त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांचे ‘एका पानाची कहाणी’ हे आत्मचरित्र शिक्षकांनी जरूर वाचावे. दुसरे नाव व्यंकटेश माडगूळकरांचे. ‘माणदेशी माणसं’, ‘बनगरवाडी’ ही पुस्तके आपण वाचली असतील. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम त्यांनी पुष्कळ वर्षे केले. त्यांचे ‘प्रवास एका लेखकाचा’ वाचा, आणि मग ‘माणदेशी माणसं’मधले एखादे व्यक्तिचित्र पुन्हा हाती घ्या. पहिल्यांदा नुसते वाचा. दुसऱ्यांदा हाती पेन्सिल घेऊन माणूस प्रथम दिसतो कसा, बोलतो केव्हा, लेखक स्वतः किती बोलतो, हे खुणा करून पाहा. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचा. अशी दहा पाने वाचणे शंभर पाने नजरेखालून घालण्यापेक्षा लाभाचे.

येथवर पुष्कळ जण येतात. आता तिसरा प्रकार, व्यवहाराची पुस्तके.

सरस्वतीच्या मंदिरात पैशाचे नाव काढू नये, असे आपल्याला लहानपणापासून वाटत आलेले असते. पण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांकडे पाहा. त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड मराठीला दिले. हे काम नुसत्या विद्वत्तेवर झाले नाही. त्यांनी त्यासाठी नागपूरला कंपनी काढली, माणसे जमवली, वर्गणीदार मिळवले. आणि एवढे करून त्या साऱ्या खटाटोपाचा इतिहास ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहूनही ठेवला. विद्या आणि हिशेब एका घरात नांदू शकतात, हे समजण्यासाठी हे पुस्तक वाचावे.

यापुढचे पुस्तक रुक्ष आहे, पण माझ्या मते सर्वांत उपयोगी तेच. ते म्हणजे १९५७ सालचा कॉपीराइट कायदा. तो लागू झाला १९५८ च्या जानेवारीत. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, म्हणून घ्यायची ती ताजी प्रत घ्या. सगळा पाठ करण्याची जरुरी नाही. मुक्त लेखकाला चार-पाच गोष्टी कळल्या तरी पुरे.

पहिली गोष्ट, आपण लेख लिहिला की त्याचा हक्क आपलाच. त्यासाठी कुठे नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. मात्र नोकरीचा भाग म्हणून जे लिहून दिले, त्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. रात्री घरी बसून लिहिलेली कथा तुमची. कार्यालयाने कामाचा भाग म्हणून लिहून घेतलेली पुस्तिका कार्यालयाची.

दुसरी गोष्ट, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. कोणते लेखन, कोणता हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशापुरता आणि मोबदला किती, हे त्या कागदात असले पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो; प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता हक्क दिला असे धरतो.

तिसरी, हक्क घेणाऱ्याने तो एका वर्षाच्या आत वापरला नाही, आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो.

चौथी, हक्क विकला तरी ‘हे मी लिहिले’ असे म्हणण्याचा आपला अधिकार शाबूत राहतो.

आणि पाचवी, हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. खांडेकर १९७६ साली गेले. म्हणजे त्यांच्या लेखनाचा हक्क २०३६ च्या अखेरीपर्यंत आहे. आपल्या एका सहीवर मुलानातवंडांचाही वाटा अवलंबून असतो, तो असा.

समजा, एखाद्या शिक्षकाने बालकथांचे हस्तलिखित तयार केले. प्रकाशक म्हणाला, “गुरुजी, हे पाच हजार घ्या आणि इथे सही करा.” कागदावर लिहिले होते, ‘सर्व हक्क कायमचे दिले.’ गुरुजींना पुस्तक निघण्याचाच आनंद एवढा, की कागद वाचलाच नाही. पुढे त्या पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघाल्या, दुसऱ्या भाषेत अनुवाद झाला, तरी गुरुजींच्या हाती त्यातले काही यायचे नाही. कारण मुदत लिहिलेली होती आणि ती होती ‘कायमची’. यात प्रकाशकाने कायदा मोडला असे म्हणता येणार नाही. त्याने कागद वाचला होता, गुरुजींनी वाचला नव्हता, एवढाच फरक. दर आवृत्तीमागे मानधन, किंवा एकाच आवृत्तीपुरता हक्क, एवढे दोन शब्द सहीपूर्वी बोलले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. बोलणे म्हणजे भांडणे नव्हे. सचोटीचा प्रकाशक अशा बोलण्याने रागावत नाही.

शिक्षकांनी आणखी एक पाहावे. आपल्या सेवेचे जे वर्तणूक नियम असतील, त्यांत लेखन आणि त्याचे मानधन यांविषयी काय म्हटले आहे, ते वाचून घ्यावे. शंका असेल तर वरिष्ठांना लेखी विचारावे. म्हणजे पुढे मनाला घोर नको.

आता शेवटची दोन पुस्तके. ती कोणत्याही दुकानात छापील मिळत नाहीत, कारण ती कोरी असतात. एक टिपणवही. बाजारात, एस. टी.च्या थांब्यावर, पारावर कानी पडलेला शब्द, एखादी म्हण, एखाद्या म्हाताऱ्याने सांगितलेली दुष्काळाची आठवण, तारीख घालून तिच्यात लिहावी. वर्षभराने ही वही म्हणजे तुमच्या गावचा लहानसा कोशच होईल. दुसरी हिशेबाची वही. तिच्यात रकाने आखा : लेखाचे नाव, कुठे पाठवला, केव्हा पाठवला, उत्तर काय आले, केव्हा छापला, मानधन किती ठरले, किती मिळाले, आणि हक्क कोणता दिला. शेवटचा रकाना विसरू नका. प्रत्येक लेखाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. दोन वर्षांनी ही वही उघडली, की कोणता संपादक शब्दाला जागतो, कोणत्या विषयाला मागणी आहे, आणि आपण नुसतेच राबतो आहोत की काही मिळवतो आहोत, हे आरशासारखे दिसते.

मग सुरुवात कुठून करावी? पदरी पैसा थोडा असेल तर नियमांचे पुस्तक विकत घ्या, कोश वाचनालयात किंवा मोबाइलवर पाहा, कायद्याची प्रत मिळवून तिच्यातली हक्कांची कलमे एखाद्या जाणत्या वकिलाच्या मदतीने समजून घ्या, आणि दोन कोऱ्या वह्या आजच आणा. ज्या गावात लिहिणारे तिघेचौघे असतील त्यांनी मिळून एक फडताळ करावे. शाळेच्या एका कपाटातही ते मावेल.

शेतकरी पीक उत्तम काढतो आणि काट्यावर नाडला जातो, याचे आपल्याला वाईट वाटते. लेखणीचे पीकही पीकच आहे. ते कसदार निघावे म्हणून शब्दांची आणि माणसांची पुस्तके वाचा. आणि काट्यावर माप नीट पडावे म्हणून व्यवहाराची.